ठाणे-नवी मुंबईहून एका दिवसाची जांभूळतोडणी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थंड प्रदेशांतील चेरीच्या बागा उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी उघडतात. लोक मुलाबाळांसह तेथे जातात, आपल्या हाताने फळे तोडतात, तोडलेल्या फळांचे वजन करून पैसे देतात आणि टोपली घेऊन घरी परततात. ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला असा दिवस हवा असेल, तर चेरीचा विचार त्याने सोडून द्यावा. चेरीच्या झाडाला नीट बहर येण्यासाठी हिवाळ्यात साधारण सात अंशांखालची थंडी कित्येक शे तास मिळावी लागते, आणि तशी थंडी आपल्याकडे पडत नाही. मे ते जुलैमध्ये आपल्या बाजारात दिसणारी ताजी चेरी काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातून येते. केकवर बसवलेली लाल चेरी तर पुष्कळदा बिया काढून, रंगवून पाकात मुरवलेले करवंद असते.

चेरीच्या जागी आपल्याकडे जांभूळ आहे, आणि ही तडजोड आहे असे मी मानत नाही. चेरीप्रमाणेच जांभूळ तोडल्यानंतर पिकत नाही. आंबा कच्चा उतरवून आढीत घालता येतो, चिकू घरी पिकवता येतो, पण जांभूळ झाडावर जितके गोड झाले तितकेच ते पुढे राहते, आणि तोडल्यापासून तासागणिक मऊ पडत जाते. त्यामुळे बाजारात पाठवायचे जांभूळ प्रवास सोसेल इतपत टणक असतानाच बहुधा तोडावे लागते. पूर्ण पिकलेले, जिभेला न ओढणारे जांभूळ खायचे असेल, तर झाडापाशीच जावे लागते. सुदैवाने त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही, कारण बदलापूरचे जांभूळ आणि पालघर तालुक्यातील बहाडोलीचे जांभूळ ही दोन्ही भौगोलिक मानांकन मिळालेली फळे आपल्या पट्ट्यातच होतात.

हंगाम आधी, तारीख नंतर

नवखे लोक प्रथम रविवार ठरवतात आणि मग बाग शोधतात. क्रम उलटा हवा. जांभळाला साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मोहोर येतो, मेच्या उत्तरार्धात पहिली फळे काळी पडू लागतात आणि जूनच्या मध्यापर्यंत मुख्य तोडणी आटोपते. एका झाडाची तोडणी फार तर दोन-तीन आठवडे चालते, कारण एकाच घोसात काही फळे हिरवी, काही गुलाबी आणि काही काळी असतात आणि ती पाळीपाळीने तयार होतात. बागेत हळवी म्हणजे लवकर येणारी आणि गरवी म्हणजे उशिरा येणारी अशी दोन्ही प्रकारची झाडे असतील, तर हंगाम थोडा लांबतो. म्हणून बागायतदाराशी बोलताना ‘जांभळे आली का’ एवढेच विचारू नये. ‘तोडणीची कितवी फेरी चालू आहे’ असे विचारावे. पहिल्या फेरीत फळ थोडे असते आणि पाहुण्यांना फारसे हाती लागत नाही. दुसरी-तिसरी फेरी सर्वांत चांगली.

दुसरी अडचण पावसाची. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, परंतु २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन थडकला. पिकलेल्या जांभळाची साल अत्यंत पातळ असते. जोरदार सरीने फळ गळते, तडकते, आणि झाडावर राहिलेले फळही पाणचट होते. वळवाच्या एखाद्या सरीने हंगाम संपत नाही, पण सलग तीन-चार दिवस पाऊस लागला तर बहुतेक झाडांचा खेळ आटोपतो. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच बागेशी संपर्क ठेवावा, हवामान खात्याचा अंदाज पाहत राहावे, आणि बागायतदाराने ‘परवा या’ म्हटले तर परवाच जावे. नोकरदार माणसाला हे अवघड वाटेल हे मला समजते, तरीही हंगामासाठी एक रजा राखून ठेवणे हा मला सर्वांत उपयोगी सल्ला वाटतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी बागेत गर्दी नसते, शेतकऱ्याला बोलायला सवड असते आणि परतीची लोकलही सोयीची पडते.

बाग कशी शोधावी आणि फोनवर काय विचारावे

आपल्याकडे फाटकावर तिकीट काढून आत जायची जांभळाची बाग क्वचितच सापडेल. बहुतेक झाडे शेताच्या बांधावर, घरामागच्या परसात, ओढ्याच्या काठी आणि आंबा-फणसाच्या बागेत विखुरलेली असतात. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत आणि मुरबाड या पट्ट्यांत कृषी पर्यटन केंद्रे आहेत, आणि राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडून नोंदणी प्रमाणपत्र मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्याने अशा नोंदणीकृत केंद्रापासून सुरुवात करावी, कारण तेथे प्यायचे पाणी, स्वच्छतागृह, सावली आणि जेवण यांची सोय बहुधा असते. दुसरा मार्ग अधिक साधा आहे. ठाण्याच्या किंवा बदलापूरच्या बाजारात जूनच्या सुरुवातीला जांभळे विकायला बसणाऱ्या बायकांकडून दोन-तीनदा फळ घ्यावे, ओळख वाढवावी आणि ‘तुमच्या झाडापाशी येऊन तोडू द्याल का’ असे सरळ विचारावे. काहींची स्वतःची झाडे असतात, काहींचे नातेवाईक बागायतदार असतात, आणि एकदा विश्वास बसला की दरवर्षी बोलावणे येते.

फोनवर पहिला प्रश्न दराचा विचारू नये. पहिला प्रश्न असा असावा: झाडाचे पीक तुमच्याकडेच आहे की मक्त्याने दिले आहे? अनेक शेतकरी झाड मोहोरावर असतानाच त्या हंगामाचे पीक व्यापाऱ्याला ठरावीक रकमेला देऊन टाकतात. मग जमीन शेतकऱ्याची असली तरी फळ व्यापाऱ्याचे असते आणि राखणही त्याचीच असते. जमीनमालकाने आपुलकीने ‘या’ म्हटले आणि झाडाखाली मक्तेदाराच्या माणसाने अडवले, तर दोघांचीही पंचाईत होते. परवानगी ज्याचे पीक आहे त्याची घ्यावी.

त्यानंतर पैशांचे स्पष्ट बोलून घ्यावे. काही ठिकाणी माणशी प्रवेशशुल्क असते आणि बागेत खाल्लेले फळ त्यात धरलेले असते. काही ठिकाणी प्रवेश मोफत असतो आणि तोडलेल्या प्रत्येक किलोचे पैसे द्यावे लागतात. काही ठिकाणी पाहुण्याने तोडलेल्या फळाला बाजारापेक्षा जास्त दर असतो. हा जास्त दर वाजवी आहे असे माझे मत आहे. नवखा माणूस तोडतो त्यात कच्चे फळ, चिरडलेले फळ आणि मोडलेली डहाळी यांचे नुकसान बागायतदाराला सोसावे लागते, आणि आपल्यासोबत एक माणूस दिवसभर उभा ठेवावा लागतो त्याची मजुरीही असते. आपण स्वतः कष्ट केले म्हणून फळ स्वस्त मिळावे ही अपेक्षा येथे लागू पडत नाही.

शेवटी, किती जण येणार आहोत, त्यात किती मुले आणि किती वयस्कर माणसे आहेत, जेवण हवे आहे का आणि बागेपर्यंत गाडी जाते की शेवटचा टप्पा पायी आहे, हे विचारून घ्यावे. सहा-आठ जणांपेक्षा मोठा गट नेऊ नये. सोसायटीतील तीस जणांची सहल एकाच बागेत उतरली की कोणालाच झाड नीट मिळत नाही.

जाण्याचा मार्ग

रेल्वेने जाणे मला सर्व दृष्टींनी बरे वाटते. ठाणे ते बदलापूर हे अंतर लोहमार्गाने सुमारे ३५ किलोमीटर असून बदलापूर किंवा कर्जत लोकलने साधारण पाऊण ते एक तास लागतो. वाशी, नेरूळ किंवा पनवेलकडून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यावे आणि तेथून कर्जतच्या दिशेची गाडी पकडावी. पहाटे लवकर निघाल्यास सातच्या आत बदलापूरला उतरता येते, आणि स्थानकाबाहेरून पूर्वेला किंवा पश्चिमेला, बाग ज्या बाजूला असेल तिकडे, रिक्षा मिळते. परतीची रिक्षा बागेतून सहजासहजी मिळत नाही, म्हणून सकाळच्याच रिक्षावाल्याशी वेळ ठरवून त्याचा क्रमांक घ्यावा.

रविवारी जाणार असाल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक शनिवारीच पाहून ठेवावा. तो साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत असतो, म्हणजे नेमका तुमच्या परतीच्या वेळेला, आणि कधी मुख्य मार्गावर तर कधी ट्रान्स-हार्बरवर असतो. उन्हात तापलेल्या फलाटावर तासभर थांबणे माणसाला एक वेळ जमेल, जांभळांना जमत नाही.

मोटारीने ठाण्याहून मुंब्रा बाह्यवळण, शिळफाटा, काटई नाका आणि नेवाळीमार्गे बदलापूर गाठता येते. नवी मुंबईकरांना महापेवरून शिळफाट्याला येऊन हाच रस्ता पकडता येतो, आणि पनवेलकरांना चौकमार्गे कर्जतची बाजू जवळ पडते. शिळफाट्याची कोंडी ठाऊक असलेल्यांना हे सांगायला नको, की सकाळी सहाच्या आत हा नाका ओलांडलेला बरा. बहाडोलीला जायचे असेल तर ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने अहमदाबाद महामार्गाला लागून मनोरच्या दिशेने जावे लागते. तेथील जांभूळ आकाराने मोठे आणि गराने भरलेले असते. कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ या नावाने जांभळाची जातही दिली आहे. तरीही पहिल्या खेपेला लहान मुले सोबत असतील, तर घोडबंदर आणि महामार्ग मिळून होणारा प्रवास टाळून बदलापूरच निवडावे.

सोबत काय घ्यावे

जुने, गडद रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत आणि पायात बूट घालावेत. चपला अजिबात नकोत. जांभळाखालची जमीन गळलेल्या फळांनी निसरडी असते, आणि पालापाचोळ्यात घोणस किंवा फुरसे असण्याची शक्यता मे-जूनमध्ये नाकारता येत नाही. पाचोळ्यात हात घालायचा नाही आणि पाऊल टाकण्यापूर्वी काठीने पाला हलवायचा, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवावे. दुर्दैवाने सर्पदंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळणे यांपैकी काहीही न करता, माणसाला शक्य तितके स्थिर ठेवून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सरकारी रुग्णालय गाठावे.

फळासाठी पसरट आणि उथळ टोपली किंवा प्लॅस्टिकचा छिद्रांचा क्रेट हवा. खोल पिशवी किंवा बादली आणू नये, कारण वरच्या फळांच्या भाराने खालची चिरडतात आणि घरी पोहोचेपर्यंत तळाशी रस साचतो. टोपलीत फळांचे तीन-चार थरच असावेत. सोबत दोन-तीन सुती फडकी, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी, मीठ-साखरेचे सरबत आणि सुटे पैसे ठेवावेत. बदलापूर-कर्जतचा पट्टा खाडीपासून आत असल्याने मे महिन्यात तेथे पारा कधीकधी चाळिशी ओलांडतो, आणि ठाण्याच्या दमट उकाड्याची सवय असलेल्यांना तेथील कोरड्या उन्हाने पाणी किती कमी झाले हे लवकर कळत नाही. ध्वनिवर्धक घरी ठेवावा. बाग ही कोणाची तरी कामाची जागा आहे आणि बहुधा घराचे अंगणही.

झाडाखाली

तोडणीची वेळ सकाळी सात ते दहा. रात्रीच्या गारव्याने फळ ताठ असते, हाताळणी सोसते आणि घरी जास्त वेळ टिकते. दुपारी तेच फळ उन्हाने कोमट होऊन बोटांत फुटते. दव किंवा रात्रीच्या सरीचे पाणी फळावर असेल, तर ते वाळेपर्यंत थांबावे, कारण ओले फळ टोपलीत लवकर बुरसते.

पोहोचल्यावर आधी बागायतदाराकडून, म्हणजे तेथील दादांकडून किंवा मावशींकडून, तोडणी पाहून घ्यावी. दहा मिनिटे नुसते पाहण्यात जे शिकता येते ते वाचून येत नाही. एका हाताने घोसाचा देठ आधाराला धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी फक्त काळे फळ किंचित पीळ देऊन सोडवायचे. पूर्ण पिकलेले जांभूळ जवळजवळ स्वतःहून हातात येते. ओढावे लागत असेल तर ते अजून तयार नाही असे समजावे. रंग पाहताना फळाचा फुगीर भाग पाहून फसू नये. देठाजवळची बाजू शेवटी काळी होते, आणि तेथे गुलाबी किंवा लालसर छटा राहिली असेल तर फळ तुरट लागणारच. तयार फळ बोटाच्या हलक्या दाबाने थोडे दबते. अख्खा घोस खुडणे हा नवख्यांचा नेहमीचा प्रमाद आहे, आणि त्याने चार काळ्या फळांसाठी पंधरा कच्ची फळे वाया जातात, जी झाडावर राहिली असती तर पुढच्या फेरीत बागायतदाराची कमाई झाली असती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जांभळाच्या झाडावर चढू नये. आंब्यावर किंवा चिंचेवर लहानपणी चढलेल्यांनीही चढू नये. जांभळाची फांदी दिसायला जाड आणि हिरवीगार असते, पण ती ठिसूळ असते आणि वाकून इशारा न देता एकदम मोडते. जांभळावरून पडून हात-पाय गमावलेल्या, जीव गमावलेल्या माणसांच्या हकिकती या पट्ट्यातील प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. बहाडोलीकडचे शेतकरी याच कारणाने झाडाभोवती बांबूंची परांची उभी करून तीवरून तोडणी करतात, आणि ती परांची बांधणे हे जाणत्या माणसांचे, खर्चाचे काम आहे. पाहुण्याने परांचीवरही चढण्याचा हट्ट धरू नये. जमिनीवरून हाताला येतील त्या फांद्या, आणि जास्तीत जास्त बागायतदाराने स्वतः लावून धरलेल्या शिडीच्या खालच्या तीन-चार पायऱ्या, एवढीच आपली हद्द.

उंचावरच्या फळांसाठी दोन उपाय आहेत. लांब बांबूला बांधलेल्या आकडीने फांदी हळूच खाली ओढून दुसऱ्याने फळे तोडायची, हा पहिला. मात्र फांदी वाकवण्याचे काम बागेतील माणसालाच करू द्यावे, कारण ती किती सोसेल हे त्यालाच ठाऊक असते. दुसरा उपाय म्हणजे झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी चौघांनी ताणून धरायची आणि वर चढलेल्या सराईत माणसाने फांदी हलवायची. मुलांना हा प्रकार फार आवडतो आणि फळांचा सडा पडतो, परंतु हलवून पाडलेल्या फळांना मार लागलेला असतो. ती वेगळी ठेवून त्याच दिवशी खावीत किंवा त्यांचे सरबत करावे. हाताने तोडलेली आणि पाडलेली जांभळे एका टोपलीत मिसळू नयेत.

पाखरांनी टोचलेली, वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली किंवा जमिनीवर आधीपासून पडलेली फळे घेऊ नयेत, कितीही चांगली दिसली तरी. ती तेथेच राहू द्यावीत. पाने एकमेकांना चिकटवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या जांभळावर आणि आंब्यावर असतात. फांदीला हात लावण्यापूर्वी पानांचा असा गोळा दिसतो का ते पाहावे. गांधीलमाश्यांचे पोळे दिसले तर झाडच बदलावे.

झाडावरचे फळ खाऊन पाहण्यास बहुतेक बागायतदार आनंदाने परवानगी देतात, तरी ती विचारूनच घ्यावी आणि फळ पाण्याने धुऊन खावे. लहान मुलांना पहिल्या दहा मिनिटांत पोटभर खाऊ देऊ नये. चव घेण्याचा चांगला मार्ग असा की वेगवेगळ्या दोन-तीन झाडांचे एकेक फळ खाऊन पाहावे, कारण बियांपासून वाढलेल्या प्रत्येक झाडाची गोडी, तुरटपणा आणि गराची जाडी निराळी असते, आणि मग ज्या झाडाचे फळ आवडले त्याच झाडाची टोपली भरण्याची विनंती करावी.

आंबे आणि करवंदे

त्याच बागेत आंब्याची झाडे असली, आणि मेअखेरीस काही आंबे अजून उतरवायचे राहिले असले, तर झेल्याने आंबा काढण्याचा अनुभवही घेता येतो. झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला जाळी आणि धारदार पाते बसवलेले साधन. देठ पात्यात अडकवून हलका हिसका दिला की आंबा जाळीत येतो. देठ दोन-तीन सेंटिमीटर राखून आंबा काढावा. देठ तुटताच जो चीक उडतो तो फळाच्या सालीला डागतो आणि माणसाच्या कातडीलाही भाजतो, म्हणून झेल्याखाली उभे राहून वर पाहू नये. आंबे घरी कागदात किंवा पेंढ्यात ठेवून पिकवता येतात, त्यामुळे त्यांची घाई करण्याचे कारण नाही.

करवंदांची गोष्ट वेगळी आहे. करवंदीच्या जाळ्या मुख्यतः डोंगरउतारावर आणि वनजमिनीवर असतात, आणि तेथील गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या समाजांना दिलेला आहे. कातकरी आणि ठाकर बायका पहाटे काट्यांतून हात घालून ही करवंदे काढतात आणि पानांच्या द्रोणांत भरून स्थानकाबाहेर विकतात. करवंदे त्यांच्याकडूनच विकत घ्यावीत, आणि घासाघीस न करता घ्यावीत. ठाणेकरांनी येऊरच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे की तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथून फळ, फूल किंवा लाकूड काहीही काढून आणण्यास मनाई आहे, आणि तेथील जांभळांवर पक्षी, वटवाघळे आणि उदमांजरे यांचा उन्हाळा अवलंबून असतो.

वजन, पैसे आणि परतीची वाट

तोडणी झाल्यावर टोपल्या सावलीत आणाव्यात आणि वजन करण्यापूर्वी स्वतःच एकदा निवडून घ्याव्यात. चुकून तोडलेली गुलाबी फळे बाजूला काढून ‘ही आमच्या हातून गेली’ असे सांगून त्यांचेही पैसे द्यावेत. वजन ठरलेल्या काट्यावर, ठरलेल्या दराने करावे आणि हिशेब रोख किंवा फोनवरून तेथल्या तेथे मिटवावा. आडबाजूच्या बागांत नेटवर्क नसते, म्हणून रोख जवळ असलेली बरी. ज्याने फांद्या वाकवून दिल्या, शिडी धरली, त्याच्या हातावर वेगळे पैसे ठेवावेत.

किती न्यायचे याचा विचार तोडण्यापूर्वीच व्हावा. चार माणसांच्या घराला दोन किलो पुरतात, शेजाऱ्यांना वाटायची असतील तर चार. यापेक्षा जास्त नेलेले फळ बहुधा तिसऱ्या दिवशी फेकावे लागते, हे मी आग्रहाने सांगतो.

टोपलीच्या तळाशी पळसाची किंवा केळीची पाने घालावीत, फळांवर ओलसर फडके टाकावे आणि गाडीत टोपली डिकीत न ठेवता पायाशी सावलीत ठेवावी. लोकलने येताना दुपारी बारापूर्वीची गाडी धरावी. सुटीच्या दिवशी संध्याकाळी कर्जत-नेरळहून परतणाऱ्या सहलवाल्यांची इतकी गर्दी असते की उथळ टोपली मांडीवर सुद्धा सुरक्षित राहत नाही. वाटेत उल्हास नदीच्या डोहात किंवा बारवी आणि कोंडेश्वरच्या बाजूला पाण्यात उतरण्याचा मोह होईल, तो टाळावा. या ठिकाणी दरवर्षी पोहणारे बुडतात आणि पाऊस सुरू झाला की प्रशासन तेथे मनाईचे आदेशही काढते.

घरी आणल्यावर

जांभळे आणल्याबरोबर सगळी धुऊ नयेत. दबलेली काढून टाकून उरलेली पसरट डब्यात कोरड्या फडक्यावर एका थरात ठेवावीत, डब्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे आणि डबा फ्रिजमध्ये ठेवावा. तशी ती चार-पाच दिवस चांगली राहतात. बाहेर मात्र दोन दिवसही राहत नाहीत. खाण्यापूर्वी तेवढीच फळे मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे घालावीत, म्हणजे आत एखादी अळी असेल तर बाहेर येते, आणि मीठ लागलेले जांभूळ खायलाही चांगले लागते.

मार लागलेल्या फळांचा गर हाताने बियांपासून सोडवून, पाणी न घालता, लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तो काही महिने राहतो, आणि साखर, मीठ, जिरेपूड घालून त्याचे सरबत केव्हाही करता येते. गर शिजवायचा असल्यास मंद आचेवर शिजवावा, नाहीतर तुरटपणा वाढतो.

कपड्यांवरच्या डागांना आधी साबण लावू नये. साबणाच्या खारेपणाने जांभळा रंग निळसर होऊन धाग्यात बसतो. डाग ताजा असतानाच थंड पाण्याखाली धरावा, त्यावर लिंबू चोळावे, पुन्हा पाण्याने धुवावे आणि मगच साबण लावावा. हातांचा रंग दोन दिवसांत आपोआप जातो.

बिया झाड लावण्यासाठी हव्या असतील तर त्या साठवून ठेवू नयेत. जांभळाचे बी वाळले की त्याची उगवण्याची शक्ती झपाट्याने जाते, म्हणून गर धुऊन आठवडा-दोन आठवड्यांच्या आत, पाऊस सुरू होता होता, पिशवीत पेरावे. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला साधारण आठ-दहा वर्षे लागतात आणि झाड खूप मोठे होते, त्यामुळे सोसायटीच्या आवारात लावायचे असल्यास इमारत, जलवाहिनी आणि वाहनतळ यांपासून दूरची जागा निवडावी. उरलेल्या बिया वाळवून त्यांचे चूर्ण करण्याची पद्धत आपल्या घरांत जुनी आहे. मधुमेहावर औषध चालू असलेल्यांनी मात्र हे चूर्ण डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नये.